धरण झाले, हिशेबाचे काय?

३१ मे २०२३ हा दिवस नगर जिल्ह्याच्या इतिहासात दोन कारणांनी नोंदला जाईल. त्या दिवशी जामखेड तालुक्यातील चौंडी येथे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या जन्मगावी, जिल्ह्याला त्यांचे नाव देण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली. आणि त्याच दिवशी, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातील निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्यात चाचणीचे पहिले पाणी सोडण्यात आले. नामांतराची प्रक्रिया पुढे २०२४ मध्ये पूर्ण झाली. कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथे पंतप्रधानांच्या हस्ते झाले. पहिल्या घटनेची चर्चा महाराष्ट्रभर झाली, तशी ती होणे स्वाभाविकही होते. दुसरीची चर्चा मात्र जिल्ह्याबाहेर फारशी झाली नाही. वस्तुतः घाट, कुंडे, बारवा आणि तलाव यांच्या रूपाने देशभर स्मरल्या जाणाऱ्या राज्यकर्तीचे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्याने अधिक विचार करायला हवा तो या दुसऱ्या घटनेचाच.

निळवंडे, म्हणजेच ऊर्ध्व प्रवरा प्रकल्प, याला मान्यता मिळाली १९७० साली. तेव्हा अंदाजित खर्च होता आठ कोटी रुपयांच्याही आत. लोकार्पणाच्या वेळी हाच आकडा सुमारे ५,१७७ कोटींवर पोहोचला होता. महागाईचा आणि कामाच्या वाढलेल्या व्याप्तीचा वाटा त्यातून वजा केला, तरी उरतो तो विलंबाचा दंड. आधी म्हाळादेवीला व्हायचे धरण निळवंड्याला आले, मग पुनर्वसन, भूसंपादन, निधीची चणचण असे एकामागून एक अडथळे येत गेले. भिंत उभी राहिली, पाणी अडू लागले, तरी कालवे अपुरेच होते. ज्यांच्यासाठी धरण बांधले त्यांच्या शिवारापर्यंत जाण्याची वाटच नसल्याने अडवलेले पाणी नदीपात्रातून जुन्या लाभक्षेत्राकडे वाहत राहिले. संगमनेर तालुक्यातील तळेगाव दिघे आणि निमोणच्या कोरड्या पट्ट्यात ज्यांनी तरुणपणी या धरणासाठी मोर्चे काढले, त्यांच्यापैकी अनेकांनी कालव्यातील पाणी न पाहताच डोळे मिटले. ५,१७७ कोटींच्या आकड्यात या मधल्या पन्नास वर्षांतील टँकरचा, चारा छावण्यांचा, मोडीत विकलेल्या जनावरांचा आणि पुणे-नाशिक-मुंबईच्या वाटेला लागलेल्या तरुणांचा खर्च धरलेला नाही. तो कोणत्याच अंदाजपत्रकात धरला जात नाही.

असो. पाणी आले. अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर अशा सात तालुक्यांतील १८२ गावांना त्याचा लाभ व्हावयाचा आहे. डावा कालवा ८५ किलोमीटरचा, उजवा ९७ किलोमीटरचा. आनंद मानावा अशीच ही गोष्ट आहे आणि त्या आनंदात मिठाचा खडा टाकण्याचा कोणाचा हेतू असू नये. परंतु कालव्यात पाणी आले म्हणजे दुष्काळ हटला, हे समीकरण या जिल्ह्याने एकदा मांडून पाहिले आहे. त्याचे उत्तर काय आले हे तपासल्याशिवाय तेच समीकरण दुसऱ्यांदा मांडणे परवडणारे नाही.

जुन्या प्रवरेचा धडा

निळवंड्याच्या वर भंडारदरा आहे. १९१० मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दगडी बांधणीचे, २७० फूट उंचीचे हे धरण सुमारे अकरा टीएमसी पाणी साठवते. ब्रिटिशांनी ते काही केवळ परोपकारबुद्धीने बांधले नाही. दुष्काळात बुडणारा महसूल वाचावा आणि पाणीपट्टीतून भांडवलावर परतावा मिळावा, हा त्यामागील रोखठोक विचार होता. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते : सोळा वर्षांत धरण पूर्ण झाले. स्वतंत्र भारतात, लोकांचे राज्य असताना, त्याच नदीवरच्या त्याहून लहान धरणाचे पाणी शेतापर्यंत न्यायला अर्धशतक लागले.

भंडारदऱ्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांनी खाली उतरले आणि राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या भागांचे रूप पालटले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हरेगावला खासगी साखर कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याने साऱ्या देशाला एक नमुना घालून दिला. पाठोपाठ शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, पतसंस्था आल्या. ज्वारी-बाजरीवर आणि सावकारावर जगणाऱ्या मुलखात पाण्याने माणूस उभा केला. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण याच पाण्याची दुसरी बाजूही आहे. बारमाही पाटपाण्याने ऊस आला, उसाबरोबर अतिपाणी आले, आणि खोल काळ्या जमिनींत निचऱ्याची सोय नसल्याने क्षार वर चढू लागले. दक्षिणेतील कालव्यांखालच्या जमिनी चोपण आणि पाणथळ होत असल्याची चिंता अभियंत्यांनी ब्रिटिश अमदानीतच व्यक्त केली होती. ज्या शिवारात एके काळी एकरी विक्रमी ऊस निघाला तिथे पांढरा थर चढल्याचे प्रवरा काठच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तो ते रोज पाहतो. दुसरीकडे कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी आवर्तनाची वाट पाहत बसतो, कारण मुखाकडच्यांचे भागल्याशिवाय पाणी खाली सरकत नाही. एकाच कालव्यावर एकाची जमीन पाण्याने नासते आणि दुसऱ्याची पाण्यावाचून जळते. यात पावसाचा काही दोष नाही.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, त्यांनी दक्षिणेतील कालव्यांसाठी ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली होती. पाणी मोजक्या हातांत एकवटू नये, ते अनेक गावांत विभागले जावे, आणि प्रत्येक ब्लॉकात उसाचा हिस्सा मर्यादित ठेवून उरलेल्या क्षेत्रात हंगामी पिकांची फेरपालट व्हावी, असे तिचे सूत्र होते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. सूत्र पाठ्यपुस्तकात राहिले. पाणी मात्र वजनदारांच्या मागे गेले.

इथे उसाला आणि ऊस उत्पादकाला शिव्या देण्याची एक सोयीची रूढी शहरी विचारवंतांत पडली आहे. ‘आळशाचे पीक’ म्हणून उसाला हिणवणे सोपे आहे. परंतु ज्या पिकाला कायद्याने ठरलेला भाव आहे, जे नेण्यासाठी कारखान्याची गाडी बांधावर येते आणि जे एखाद्या अवकाळी पावसाने भुईसपाट होत नाही, ते पीक शेतकऱ्याने का निवडू नये? कांद्याचा भाव एका निर्यातबंदीने मातीमोल होतो हे नगर जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक आहे? पाण्याची शिस्त लावायची तर कडधान्य, तेलबिया, ज्वारी, फळे यांनाही उसासारखीच खरेदीची हमी लागेल. ती न देता केवळ उपदेश करणे हा ढोंगीपणा होय.

साडेतीन हजार घनमीटर

निळवंड्याची साठवण ८.३२ टीएमसी आहे. म्हणजे सुमारे साडेतेवीस कोटी घनमीटर पाणी. आकडा मोठा वाटतो. पण ज्या सुमारे ६८ हजार हेक्टर क्षेत्राला ते पुरवायचे आहे त्याने त्याला भागले, की हेक्टरी हिस्सा येतो साडेतीन हजार घनमीटरच्याही थोडा आत. शेतावर उभे केले तर जेमतेम वीतभर दीड-वीतभर पाणी. त्यातून पिण्याचे पाणी, उन्हाने उडून जाणारे आणि कालव्यातून झिरपणारे पाणी अद्याप वजा केलेले नाही.

एवढ्या पाण्यात रब्बीची ज्वारी, हरभरा, थोडा भाजीपाला, ठिबकवर डाळिंबाची वा पेरूची बाग निभावते. पाटाने भिजवलेल्या एका हेक्टर उसाला मात्र वर्षाकाठी वीस ते पंचवीस हजार घनमीटर पाणी लागते. याचा सरळ अर्थ असा, की पाटपाण्यावर लावलेला प्रत्येक हेक्टर ऊस आणखी पाच-सहा हेक्टर जमिनीचे पाणी पिऊन टाकतो. ती जमीन बहुधा त्याच कालव्याच्या शेपटाकडे, दुसऱ्या गावात, दुसऱ्या कोणाची तरी असते. १८२ गावांची यादी कागदावर १८२ च राहील. पाणी मात्र पहिल्या साठ-सत्तर गावांत संपेल. हे भाकीत करायला ज्योतिषी लागत नाही, चौथीचे गणित पुरते.

निळवंड्याच्या वितरण व्यवस्थेत उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नलिकांचा अवलंब करण्याचे धोरण आहे, ही खरोखर स्वागतार्ह बाब म्हटली पाहिजे. नलिकेतून गळती आणि बाष्पीभवन कमी होते, चारीसाठी जमीन जात नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी मोजता येते. पण नलिका ही केवळ सोय आहे, न्याय नव्हे. नलिकेच्या तोंडाशी मीटर बसला, त्याची नोंद गावाच्या फळ्यावर लागली, आणि पाण्याचा कोटा हेक्टरी पिकावर न ठरता घनमीटरवर ठरला, तरच नलिकेचा उपयोग. अन्यथा उघड्या चारीला रात्री भोक पाडले जात असे, आता नलिकेला पाडले जाईल.

याला कायद्याचा आधार नाही असेही नाही. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा महाराष्ट्राने २००५ मध्येच केला. पाणीवापर संस्थेला मोजून पाणी द्यायचे, तिने ते सभासदांत वाटायचे, पट्टी गोळा करायची आणि पीक निवडण्याचे स्वातंत्र्य आपल्या कोट्याच्या मर्यादेत भोगायचे, अशी ती योजना. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी हे करून दाखवले. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने तिथे १९९० च्या सुमारास कालव्याच्या शेपटाकडच्या गावांत पहिल्या संस्था निघाल्या आणि हळूहळू संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. ज्यांना पाणी मिळतच नव्हते त्यांनी सुरुवात केली, ही यातली लक्षणीय गोष्ट. मुखाकडच्याला सुधारणेची घाई कधीच नसते.

म्हणूनच निळवंड्याच्या बाबतीत काळाचा प्रश्न आहे. पाणी येण्यापूर्वी संस्था उभी राहिली तर ती नियम घालू शकते. पाणी येऊन चार वर्षे झाली, ऊस उभा राहिला, विहिरींवर नव्या मोटारी बसल्या, कर्जे काढली गेली, की मग कोणताही नियम हा कोणाच्या तरी पोटावर आलेला पाय ठरतो. जुन्या प्रवरेवर नेमके हेच झाले. नव्या कालव्याला अजून तो इतिहास नाही. हीच त्याची खरी संपत्ती आहे.

ज्या गावाने जमाखर्च मांडला

पाण्याचा हिशेब मांडता येतो का, हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यात विचारणे म्हणजे पंढरीत वारीविषयी शंका घेण्यासारखे आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीला परतले, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याचे काम तिथे लोकांच्या श्रमातून झाले. १९८९-९० मध्ये पोपटराव पवार हिवरे बाजारचे सरपंच झाले आणि नगर तालुक्यातील त्या उजाड गावाने राळेगणची वाट धरून पुढचा टप्पा गाठला. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत पाणलोट विकासाचे काम नव्वदच्या दशकात उभे राहिले. या कामांची कीर्ती आता जुनी झाली. नेमके काय केले याची चर्चा मात्र बंधारे आणि झाडे यांच्यापुढे क्वचितच जाते.

हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. म्हणजे गावाच्या शिवारावर वर्षाला साधारण ३९० कोटी लिटर पाणी पडते. त्यातले काही वाहते, काही उडते, काही मातीत आणि खडकात मुरते. पाऊसमान आणि विहिरींची पातळी पाहून दरसाल ग्रामसभेत ठरते, की यंदा कोणती पिके घ्यायची. आधी माणसांचे पिण्याचे, मग जनावरांचे, मग शेतीचे पाणी. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही, केळी नाही. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आहेच. बंधारा बांधणे हे त्यामानाने सोपे काम होते. शेजाऱ्याच्या तोंडावर ‘यंदा हे पीक घेऊ नको’ असे सांगणे आणि त्याने ते ऐकणे, ही खरी कमाई. गाव हे एक कुटुंब आहे असे आपण व्यासपीठावरून म्हणतो. हिवरे बाजारने ते पाण्याच्या बाबतीत व्यवहारात आणले. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती याच कामाबद्दल.

पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला, त्याचेही मर्म हेच होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. आणि ऊस नाही. भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क आहे, हे त्यांनी तत्त्व म्हणून मांडले.

या पार्श्वभूमीवर जलयुक्त शिवार अभियानाचे मूल्यमापन डोळे उघडे ठेवून केले पाहिजे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाले. कल्पना उत्तम होती. नाले रुंद झाले, गाळ निघाला, अनेक गावांत पहिल्या पावसात तुडुंब भरलेली पात्रे लोकांनी पाहिली. परंतु महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात नगरसह सहा जिल्ह्यांतील १२० गावांची तपासणी करून सांगितले, की पाण्याची गरज भागवणे आणि भूजल पातळी वाढवणे या दोन्ही उद्दिष्टांवर परिणाम अल्प झाला. अहवाल आला तेव्हा विरोधकांनी तो झेंड्यासारखा फडकवला आणि समर्थकांनी तो राजकीय म्हणून झटकला. दोघांनीही तो वाचायला हवा होता. योजना कोणत्या विचाराच्या सरकारने आणली हे पाहून तिच्या उणिवांकडे कानाडोळा करणे हे कार्यकर्त्याला शोभणारे नाही. मुरलेले पाणी किती, याचा हिशेब गावाने ठेवला नाही. ते ज्याच्या कूपनलिकेत उतरले त्याने ते उपसून घेतले. बंधाऱ्यावर सार्वजनिक पैसा, उपसा मात्र खासगी!

दख्खनच्या काळ्या पाषाणाचा स्वभावच असा आहे, की त्यात पाणी मावते थोडे. भेगा आणि झिजलेला थर एवढीच त्याची कोठी. दोनशे फुटांखाली लागणारे पाणी हे बहुधा अनेक वर्षांची पुंजी असते, वार्षिक उत्पन्न नव्हे. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आहे. शेतात उभे राहून पाचशे-सातशे फुटांपर्यंत घरघरणारी बोअरची गाडी पाहणाऱ्याला हा कायदा ठाऊक असण्याचा संभव कमीच. शेततळ्यांचेही असेच झाले. पावसाचे पाणी साठवण्यासाठी निघालेली ही योजना, पण प्लास्टिक अंथरून भूगर्भातले पाणी उपसून उन्हात उघडे ठेवण्याचे साधन असे रूप तिने अनेक ठिकाणी घेतले.

खालचा शेजारी

प्रवरा आणि मुळा यांचे पाणी शेवटी गोदावरीला मिळते, आणि गोदावरीवर पैठणला जायकवाडी आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केलेले आणि १९७६ मध्ये पूर्णत्वाला गेलेले, शंभर टीएमसींहून अधिक क्षमतेचे हे धरण मराठवाड्याच्या आशेचे केंद्र आहे. त्याच्या नाथसागरात नगर जिल्ह्यातीलही गावे बुडाली, हे अनेकदा विसरले जाते. वर नाशिक-नगरची धरणे वाढत गेली आणि खाली नाथसागर अनेक वर्षे अर्धामुर्धाच भरू लागला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील धरणांत पाण्याची टक्केवारी समान ठेवण्याचे तत्त्व घातले, मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचे गणित मांडले, आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे तत्त्व उचलून धरले. तरी दर तुटीच्या वर्षी ऑक्टोबर उजाडला, की आंदोलने, याचिका, बंदोबस्त हा क्रम चुकत नाही. २०२३ मध्येही सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याच्या आदेशावरून तेच झाले. कोरड्या नदीपात्रातून सोडलेल्या पाण्याचा बराचसा भाग वाटेतच मुरतो, ही नगरकरांची तक्रार खरी आहे. मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याची तहान खरी आहे, हेही तेवढेच खरे. आणि तिथेही लाभक्षेत्रात ऊस वाढला आहे.

नगरजवळच्या भातोडी येथे १६२४ मध्ये मलिक अंबरने तलावाचा बांध फोडून मोगल आणि आदिलशाही फौजांच्या छावणीत पाणी सोडले होते. त्याच लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. पाण्याचा शस्त्र म्हणून वापर या भूमीला नवा नाही. पण ते शत्रूवर चालवलेले शस्त्र होते. गोदावरीच्या दोन काठांवरची माणसे एकाच नाथांच्या ओव्या म्हणतात. त्यांनी एकमेकांवर पाणी रोखणे आणि सोडवून घेणे याला लढाईचे रूप यावे, हे कोणाच्याही राजकीय लाभाचे असले तरी समाजाच्या हिताचे खचित नाही. वरच्या खोऱ्याने आपला पाणीवापर घनमीटरमध्ये सिद्ध करून दाखवला, तरच खालच्या खोऱ्यापुढे त्याच्या शब्दाला वजन येईल. आज दोन्हीकडे आरोप आहेत, मोजमाप कोणाकडेच पुरेसे नाही.

पश्चिमेकडे वाहून जाणाऱ्या पाण्याने ही तूट भरून काढण्याचा विचार शासन वर्षानुवर्षे करीत आहे, आणि तो करायलाच हवा. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर, रतनवाडी परिसरात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून शंभर-दीडशे किलोमीटर पूर्वेला तो पाचशेवर येतो. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात २००८ पासून पाणी कड्यावरून खाली शहापूर तालुक्यात उतरते आणि पुन्हा वर उचलले जाते. म्हणजे सह्याद्री ओलांडून पाणी चढवणे तंत्राला अशक्य नाही. प्रश्न विजेच्या खर्चाचा आहे. कड्याखाली कोकणची परिस्थिती तरी काय आहे? २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, आणि ज्या शहापूर तालुक्यातील धरणे मुंबईची तहान भागवतात त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पावसाची विपुलता हेही टंचाईवरचे उत्तर नाही, हे कोकणाने सिद्ध केले आहे. हजारो कोटी खर्चून घाटमाथ्याचे पाणी पूर्वेला वळवले आणि ते पुन्हा बेहिशेबी पाटात सोडले, तर वीस वर्षांनी आणखी एक तूट भरण्यासाठी आणखी एक घाट शोधावा लागेल.

मग पैसा कुठे घालावा? भिंतींवर पुष्कळ झाला. भंडारदऱ्याच्या भिंतीला १९६९ मध्ये तडे गेले तेव्हा ती मजबूत करण्यात आली, म्हणून ती आजही उभी आहे. देखभालीचा पैसा हा असा दिसत नाही पण टिकतो. निळवंड्याच्या खर्चाच्या अल्पशा हिश्श्यात १८२ गावांत पर्जन्यमापके, निरीक्षण विहिरी, प्रत्येक नलिकेवर मीटर आणि ते वाचणारा प्रशिक्षित गावकरी तरुण उभा करता येईल. पाटबंधारे खात्यात पाटकरी आणि मोजणीदारांच्या जागा रिकाम्या ठेवून कोट्यवधींची कामे काढणे हे मुनीम काढून तिजोरी विकत घेण्यासारखे आहे. जुन्या प्रवरेच्या चोपण जमिनींसाठी निचऱ्याचे चर हवेत, आणि नव्या कालव्याखाली ते पहिल्या दिवसापासून हवेत. चौंडीला मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि अहिल्यादेवींच्या काळातील जलसाठ्यांच्या दुरुस्तीचा निर्णय झाला, हे उत्तमच. जामखेड, कर्जत, पाथर्डीच्या ज्या गावांना निळवंडेही नाही आणि मुळाही नाही, तिथल्या बारवांचा आणि पाझर तलावांचा गाळ काढण्याची वेळही त्याच ओघात यावी.

निळवंड्याच्या काठच्या गावांत पाणीवापर संस्थेच्या सभा अजून व्हायच्या आहेत, तिथे सभासदांची यादी, कोट्याचा तक्ता आणि पाळीपत्रक तयार व्हायचे आहे. त्याच गावांत उसाची नोंद घेणारा कारखान्याचा चिटबॉयही मोटारसायकलवरून फिरतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात या दोघांपैकी आधी कोण पोहोचतो, यावर राहुरीच्या टोकाच्या गावाला पाणी मिळणार की नाही हे पुष्कळसे ठरेल.